पुढे जाताना येणारा, रिव्हर्सला नाहीसा होणारा आवाज: हेडच्या कामानंतरचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील गाडी ११९७ सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन बॉनेटखाली आडवे बसवलेले, ओढ पुढच्या चाकांना, गिअर हाताने बदलायचे, टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्या-मिटण्यासाठी, चेन, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग) इंजिनाच्या मागच्या अंगाला, म्हणजे केबिनच्या बाजूला. मॅनिफोल्ड कोणत्या बाजूला आहे हे एरवी जॉबकार्डावर कोणी लिहीत नाही. इथे मात्र आवाजाचा उलगडा होण्यात त्या माहितीचा मोठा वाटा होता, म्हणून ती आधीच नोंदवून ठेवतो.

मे महिन्यात ठाण्याहून नाशिककडे येताना कसारा घाटाच्या चढावर गाडी तापली. रेडिएटरचा वरचा होज क्लिपपाशी चिरला होता, कुलंट गळून गेले होते, आणि तापमानाचा दिवा दिसून गाडी बाजूला घेईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधले पॅकिंग) जळाले होते. गाडी टो करून नाशिकला आणली गेली आणि मालकांच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये हेड उतरवले गेले. सरळपट्टी व फीलर गेज लावून पाहिल्यावर हेडला वाक आढळला. अशा ॲल्युमिनियम हेडला साधारण ०.०५ मि.मी.पर्यंतचा वाक चालवून घेतात. इथे तो बराच जास्त होता, त्यामुळे बोअरिंगवाल्याकडे फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करून, सुमारे ०.२ मि.मी. धातू काढावा लागला. व्हॉल्व्ह घासून बसवले, गाइडचे सील बदलले, आणि टायमिंग कव्हर उघडलेच आहे तर चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) व चेनचे गाइड यांचा नवा संच टाकला. वॉटर पंपही नवा घातला. बिले व जुने सुटे भाग मालकांनी जपून ठेवले होते, आणि ते पाहता काम मन लावून केलेले दिसत होते.

गाडी हातात आल्यावर पहिल्याच चढावर आवाज सुरू झाला.

मालक सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, असे त्यांनी त्याचे वर्णन केले. हे वर्णन नेमके होते, पण त्यातच अडचण होती, कारण पेट्रोल इंजिनाच्या नॉकिंगचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकून होणाऱ्या खडखडाटाचे, वर्णनही बहुतेक लोक याच शब्दांत करतात, सैल चेनचेही करतात आणि सायलेन्सरच्या सुटलेल्या पत्र्याचेही. त्यामुळे एकाच वर्णनावरून दोन गॅरेजांनी दोन निदाने केली होती. ज्यांनी काम केले होते त्यांना चेनचा संशय आला आणि कव्हर पुन्हा उघडावे लागेल असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या ठिकाणी हेड घासल्यामुळे कॉम्प्रेशन वाढले आहे, आता कायम महागडे पेट्रोलच भरावे लागेल, असा सल्ला मिळाला. तिसरेही एक मत त्यांच्या कानी आले होते: हजार किलोमीटर चालवा, आपोआप सेट होईल. या तिसऱ्या मताविषयी माझे मत फारसे चांगले नाही. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर अंतर राखणारे, व्हॉल्व्ह दाबणारे भाग) असलेल्या इंजिनात काम झाल्यावर अडकलेली हवा निघून टकटक थोड्या वेळात थांबते हे खरे; पण या इंजिनात टॅपेटचे अंतर बकेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हवर बसणाऱ्या धातूच्या वाटीच्या, जाडीने जुळवायचे असते, तिथे आपोआप सेट होण्यासारखे काही नसते.

मालकांनी, म्हणजे काकांनी, मात्र एक फार उपयोगी गोष्ट केली होती. टूलरूमच्या सवयीने त्यांनी एका वहीत रकाने आखून आवाज कधी येतो ते लिहून ठेवले होते: कोणता गिअर, किती आरपीएम, चढ की सपाट, गाडी सुरू करून किती वेळ झाला होता. अंबडच्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी आली तेव्हा बॉनेट उघडण्याआधी आम्ही ती वही वाचली. आवाज फक्त १९०० ते २२०० आरपीएमच्या पट्ट्यात, फक्त ॲक्सिलरेटर दाबलेला असताना आणि फक्त गरम गाडीत येत होता. पाय उचलला की तत्क्षणी बंद. न्यूट्रलमध्ये कितीही रेस केली तरी शांत. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये स्पष्ट, चौथ्यात पुसट, पाचव्यात जवळजवळ नाही. सकाळी थंड गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत नेली तर आवाज नाही. तीच गाडी सिन्नरकडे जाताना मोहदरी घाटात मात्र हमखास वाजायची.

संशयितांची छाननी

इंजिनाचे काम झाल्यावर आवाज आला की मन आपोआप इंजिनाच्या आत जाते. तसे होणे स्वाभाविक आहे, पण हेड उतरवण्यासाठी जे बाहेरचे भाग काढले आणि परत बसवले जातात त्यांची संख्या आतल्या भागांपेक्षा बरीच मोठी असते, आणि आतले काम करताना जी दक्षता घेतली जाते ती संध्याकाळी घाईघाईने बाहेरचे भाग जोडताना टिकतेच असे नाही. तरीही आतला दोष असेल तर तो महागात पडणारा असतो, म्हणून त्याची शक्यता आधी निकालात काढणे गरजेचे होते.

चेन सैल असेल किंवा टेन्शनरमध्ये तेलाचा दाब भरत नसेल तर आवाज प्रामुख्याने थंड इंजिन सुरू करताना येतो आणि दाब भरला की कमी होतो; शिवाय त्याला गिअरशी देणेघेणे नसते. पिस्टन स्लॅपही, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला पिस्टन आपटण्याचा आवाजही, थंडीत वाजतो आणि गरम झाल्यावर मिटतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकत असेल तर तीच तऱ्हा: धातू तापून फुगला की गळती बहुधा कमी होते. आपला आवाज याच्या नेमका उलट वागत होता. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असते तर गरम तेलात आवाज वाढला असता हे खरे, पण प्रत्यक्ष गेज लावून मोजलेला तेलाचा दाब गरम इंजिनात आयडलला आणि २००० आरपीएमलाही पुस्तिकेच्या मर्यादेत होता. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन १२ ते १२.५ बार, म्हणजे एकमेकांशी जुळणारे. टॅपेट कव्हर काढून अंतरे तपासली, तीही बरोबर निघाली. बोअरिंगवाल्याचे आणि मिस्त्रींचे आतले काम निर्दोष होते, हे इथे स्पष्ट लिहायला हवे.

उरला नॉकिंगचा मुद्दा, आणि तो आकड्यांनी तपासण्यासारखा होता. या इंजिनाचा बोअर ७३ मि.मी. आणि स्ट्रोक ७१.५ मि.मी., म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २९९ घन सें.मी. मूळ कॉम्प्रेशन रेशो १० धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३३.२ घन सें.मी.च्या आसपास येते. हेडमधून ०.२ मि.मी. थर काढला तर ही जागा जास्तीत जास्त ०.८४ घन सें.मी.ने घटते, आणि नवा रेशो १०.२ च्या थोडा वर जातो. कॉम्प्रेशन वाढले हे खरे, पण नॉक सेन्सर असलेल्या आणि इग्निशन स्वतःहून मागे घेऊ शकणाऱ्या इंजिनाला एवढी वाढ सहज सांभाळता येते. त्याच फेसिंगमुळे कॅमशाफ्ट क्रँकच्या ०.२ मि.मी. जवळ येतो आणि टायमिंग क्रँकच्या मापाने सुमारे अर्ध्या अंशाने मागे सरकते. चेनला पडणारी किंचित ढील टेन्शनर भरून काढतो. तरीही खात्री म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) जोडून मोहदरी घाट चढलो. आवाज येत असताना इग्निशन ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या किती आधी ठिणगी पडते तो आकडा, स्थिर होता. नॉकिंग असते तर संगणकाने तो त्याच क्षणी मागे घेतला असता.

आवाजाची वारंवारता

यानंतर आवाजाचे रेकॉर्डिंग केले. त्यासाठी महागडी उपकरणे नव्हती. वायपरखालच्या जाळीपाशी, उष्णतेपासून दूर, फडक्यात गुंडाळून पक्का बांधलेला एक मोबाइल आणि ध्वनीचा आलेख दाखवणारे ॲप एवढ्यावर काम भागले. हिशेब सोपा आहे. २००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला ३३.३ फेरे घेतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला १६.७ वेळा, आणि चारही मिळून ६६.७ वेळा. दोष एखाद्याच टॅपेटचा, एखाद्याच सैल प्लगचा किंवा एखाद्याच बेअरिंगचा असता तर आलेखात सेकंदाला १६ ते १७ किंवा फार तर ३३ ठोके दिसले असते. चेनचे दात स्प्रॉकेटवर बसतानाचा आवाज तर सेकंदाला शेकडो वेळा होतो, त्यामुळे तो ठोक्यांसारखा न वाटता अखंड घरघरीसारखा येतो. आमच्या आलेखात ०.३ सेकंदात २० ठोके होते, म्हणजे सेकंदाला ६६ ते ६७, आणि ते एकसारख्या अंतरावर होते.

या आकड्याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे चारही सिलिंडरांचे पेटणे. दुसरा असा की एका ओळीत चार सिलिंडर असलेले इंजिन मुळातच क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा हादरते. ती त्याच्या रचनेतच असलेली गोष्ट आहे. म्हणजे जी वस्तू वाजत होती ती कोणत्याही एका सिलिंडरची नव्हती, तर संपूर्ण इंजिनाच्या हादऱ्यावर वाजणारी होती. प्रत्येक ठोक्याच्या आतला स्वरही पाहिला. नॉकिंगमध्ये ज्वलनकक्षातला वायूच झणाणतो, आणि ७३ मि.मी. बोअरला तो स्वर ७००० हर्ट्झच्या आसपास बसतो. इथला आवाज प्रामुख्याने १००० ते २००० हर्ट्झचा, म्हणजे पातळ पत्र्याचा होता. आणि आवाज आरपीएमबरोबर वाढत न जाता एका अरुंद पट्ट्यातच येत होता, यावरून हादऱ्याची वारंवारता कोणत्या तरी लोंबत्या भागाच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळत असावी असे दिसत होते.

रिव्हर्सची चाचणी

वहीतल्या एका नोंदीकडे आधीच्या दोन्ही ठिकाणी कोणी लक्ष दिले नव्हते: गिअर जितका वरचा तितका आवाज कमी. आरपीएम तेच आणि ॲक्सिलरेटरही साधारण तेवढाच दाबलेला असेल, तर सिलिंडरच्या आतला दाब दुसऱ्या गिअरमध्येही तेवढाच असतो आणि चौथ्यातही तेवढाच. आतला दोष दोन्हीकडे सारखाच वाजला पाहिजे. बदलतो तो इंजिनाच्या फाउंडेशनांवर, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांवर, येणारा पीळ. आडव्या बसवलेल्या इंजिनात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल इंजिनालाच जोडलेले असल्यामुळे चाकांना जो पीळ मिळतो तेवढाच उलटा पीळ संपूर्ण इंजिनाला त्याच्या फाउंडेशनांवर सोसावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ८ च्या आसपास असते आणि चौथ्यात ४ च्या, त्यामुळे क्रँकवर ८० न्यूटन-मीटर टॉर्क असताना फाउंडेशनांवरचा पीळ दुसऱ्यात सुमारे ६४० आणि चौथ्यात ३२० न्यूटन-मीटर होतो. इंजिन दुसऱ्यात अधिक कलंडते, चौथ्यात कमी, आणि न्यूट्रलमध्ये रेस करताना जवळजवळ नाहीच. आवाजही नेमका याच क्रमाने कमी होत होता.

पुढे जाताना गाडी ओढू लागली की अशा इंजिनाचा माथा मागे, तळ पुढे, मागची बाजू खाली आणि पुढची बाजू वर जाते. रिव्हर्समध्ये हे सारे उलट होते. क्रँक मात्र दोन्ही वेळा त्याच दिशेने फिरतो, पिस्टनवर तोच दाब येतो, चेनही तशीच चालते. गाडी पुढे चालली आहे की मागे, हे इंजिनाच्या आतल्या भागांना कळण्याचा काही मार्गच नाही. त्यामुळे आवाज पुढे जाताना येत असेल आणि तितक्याच जोराने रिव्हर्स घेताना येत नसेल, तर इंजिन उघडण्याचे कारणच उरत नाही.

ही चाचणी करताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागली. पहिल्या खेपेस गाडी गॅरेजमध्येच उभी ठेवून फॅन लागेपर्यंत गरम केली आणि रॅम्पवर चढवली, तर पुढे जातानाही आवाज आला नाही. कुलंट तापले होते, पण आवाजाला हवी असलेली उष्णता कुलंटची नव्हती. मग गाडी घाटात ओढून आणली आणि न थांबता थेट रॅम्पशी आणली. पहिल्या गिअरमध्ये चढताना २००० आरपीएमच्या सुमारास आवाज ठळक आला. गाडी फिरवून त्याच रॅम्पवर रिव्हर्समध्ये, तेवढ्याच आरपीएमवर चढवली, आणि कोणताही आवाज आला नाही. पुन्हा सरळ केली, पुन्हा आला. क्लच फार वेळ अर्धा धरून ठेवायचा नाही आणि अशा वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कोणालाही उभे राहू द्यायचे नाही, हे दोन नियम पाळले. काका रॅम्पच्या कडेला उभे राहून ऐकत होते. “म्हणजे इंजिन उघडायचं नाही ना?” एवढेच त्यांनी विचारले.

आता शोधायची वस्तू बरीच निश्चित झाली होती. ती इंजिनाबरोबर हलणारी, मागच्या बाजूची, खाली आल्यावर कशाला तरी लागणारी, पातळ पत्र्याची, आणि कुलंटपेक्षा खूप जास्त व इंजिनावर जोर आल्यावरच तापणारी असायला हवी होती. मॅनिफोल्ड मागे असलेल्या गाडीत अशी वस्तू एकच आहे: एक्झॉस्टचा डाऊनपाइप आणि त्यावरचे हीट शील्ड, ज्याला गॅरेजमध्ये नुसते सायलेन्सरचा पत्रा म्हणतात.

गाडीखाली

डाऊनपाइप मॅनिफोल्डपासून खाली उतरतो, वळतो आणि क्रॉसमेंबरच्या, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईच्या, खाचेतून, तिच्या वरून मागे जातो. लिफ्टवर गाडी घेऊन टॉर्च आणि छोटा आरसा लावल्यावर वळणावरच्या हीट शील्डच्या तळाशी नाण्याएवढा घासून चकाकलेला ठिपका दिसला, आणि त्याच्या समोर क्रॉसमेंबरचा काळा रंग उडालेला. अशी खूण जुनीही असू शकते, म्हणून तिच्यावर विसंबून राहिलो नाही. थंड गाडीत तिथले अंतर ड्रिल बिटांच्या मागच्या टोकाने मोजले: ३ मि.मी.चे टोक गेले, ४ चे गेले नाही. त्याच दिवशी त्याच मॉडेलची एक टॅक्सी ऑइल बदलायला आली होती; तिच्यात तेच अंतर ९ मि.मी. भरले. एखादे माप पुस्तिकेत दिलेले नसते तेव्हा त्याच मॉडेलची दुसरी निरोगी गाडी हीच सगळ्यात भरवशाची पुस्तिका, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या घड्या करून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या केल्या, ग्रीसच्या ठिपक्यावर क्रॉसमेंबरला चिकटवल्या आणि गाडी पुन्हा घाटात नेली. परत आल्यावर मधली गोळी कागदासारखी चपटी झालेली व कडेने फाटलेली होती. पाइपचे तापमानही घेतले. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून गंजून मळकट झालेल्या जागी धरला: गॅरेजमध्ये आयडलवर तापलेल्या गाडीत २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, घाटातून आल्याबरोबर ४०० च्या वर. पोलाद प्रत्येक अंशाला आपल्या लांबीच्या एक लाखांशाहून किंचित जास्त, सुमारे ०.००००१२ पट वाढते. मॅनिफोल्डपासून वळणापर्यंतची उभी लांबी साधारण ५०० मि.मी. धरली तर आयडलला पाइप सुमारे १ मि.मी. खाली येतो आणि घाटात २.२ ते २.४ मि.मी. मूळ ३ मि.मी.पैकी आयडलला २ मि.मी. शिल्लक राहत होते, घाटात जेमतेम पाऊण. आणि वरून इंजिन कलंडून मागची बाजू खाली आली की पत्रा क्रॉसमेंबरला टेकत होता. फक्त गरम गाडीत, फक्त जोर असताना, फक्त पुढे जाताना, खालच्या गिअरमध्ये जास्त: वहीतल्या सगळ्या नोंदी या एका अंतराने जुळत होत्या.

अंतर कमी का झाले

पाइप वाकलेला नव्हता, गॅस्केटही बरोबर जाडीचे होते. पत्रा ठोकून किंवा कापून आवाज बंद करता आला असता, आणि अनेक ठिकाणी तसेच केले जाते. पण पाइप ६ मि.मी. खाली आला असेल तर त्याला धरणारे इंजिनच वाकडे बसले असण्याची शक्यता होती. अशा इंजिनाचे टायमिंग कव्हर काढण्यासाठी उजवे फाउंडेशन सोडवावे लागते आणि तेवढा वेळ इंजिन खालून जॅकवर तोलून धरतात. मी आधीच्या मिस्त्रींना फोन केला. दोष काढायचा नव्हता, क्रम जाणून घ्यायचा होता. “भाऊ, कव्हर बसवल्यावर फाउंडेशन कधी आवळलं? जॅक काढायच्या आधी की नंतर?” त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले, “आधीच आवळलं. खालचा टॉर्क रॉडपण तेव्हाच. इंजिन हलू नये म्हणून.” टॉर्क रॉड म्हणजे इंजिनाचा तळ पुढेमागे हलू न देणारा दांडा. जॅक कुठे लावला होता, हे विचारल्यावर लाकडाचा ठोकळा सम्पच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, पुढच्या कडेला होता असे ते म्हणाले.

त्या उत्तराने उरलेला धागा जुळला. ठोकळा पुढच्या कडेला असल्यामुळे इंजिनाची पुढची बाजू उचलली गेली, मागची खाली गेली आणि तळ पुढे सरकला, म्हणजे जोराने पुढे जाताना ते जसे कलंडते तसेच ते उभ्या गाडीतही कललेले होते, आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळले गेले. फाउंडेशनच्या ब्रॅकेटची भोके लांबट असतात, त्यामुळे बोल्ट चुकीच्या जागीही मुकाट बसतात. टॉर्क रॉडच्या टोकांतले रबर धातूच्या नळीला चिकटवलेले असते. ते पिळलेल्या अवस्थेत आवळले की पीळ धरून राहते आणि इंजिनाला सतत त्या बाजूला ओढते.

दुरुस्तीत एकही नवा भाग लागला नाही. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करून एक्झॉस्टच्या स्प्रिंगच्या जॉइंटचे बोल्ट, टॉर्क रॉडचे दोन्ही बोल्ट आणि दोन्ही बाजूंच्या फाउंडेशनचे बोल्ट न काढता फक्त सैल केले. उजव्या बाजूचा शेवटचा बोल्ट ढिला होताच इंजिन डोळ्यांना दिसेल इतके दचकून मागे बसले. त्यानंतर ते हाताने पुढेमागे हलवले, काही सेकंद आयडलवर चालवून बंद केले आणि आपल्या वजनाने स्थिर होऊ दिले. मग आधी डावे, नंतर उजवे फाउंडेशन, त्यानंतर टॉर्क रॉड आणि सर्वांत शेवटी एक्झॉस्टचा जॉइंट, या क्रमाने सर्व बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्यांपर्यंत आवळले. क्रम बदलून एक्झॉस्ट आधी आवळला तर पाइपच इंजिनाला ओढून धरतो, म्हणून तो शेवटी ठेवायचा. हीट शील्डच्या एका बोल्टभोवतीचे भोक गंजाने मोठे झाले होते, तिथे रुंद वॉशर टाकला.

नंतर मोजले तेव्हा ८ मि.मी.चे बिट अंतरातून गेले, ९ चे गेले नाही. मोहदरी घाटात दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये, १९०० ते २२०० आरपीएमच्या पट्ट्यात मुद्दाम रेंगाळत गाडी चढवली. नव्याने लावलेल्या फॉइलच्या गोळ्या जशा ठेवल्या तशाच परत आल्या. शिवाय एसी लावून सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगला येणारी बारीक थरथरही गेली. तिची तक्रार काकांनी कधी केली नव्हती, कारण जुन्या गाडीत ती असतेच असे त्यांनी गृहीत धरले होते.

उजव्या फाउंडेशनच्या रबराला बारीक चिरा होत्या. त्याच वेळी ते बदलावे का, याचा निर्णय मी काकांवर सोडला. आवाजाशी त्याचा संबंध नव्हता आणि रबर अजून काही महिने चालण्याजोगे होते. त्यांनी पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबायचे ठरवले. दरम्यान ते याच गाडीने कसारा घाटातून ठाण्याला जाऊन आले आणि वहीत गिअर, आरपीएम यांपुढच्या आवाजाच्या रकान्यात आडव्या रेघा ओढून आणल्या. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी क्रॉसमेंबरपाशी अंतर ८ मि.मी.च भरले. फाउंडेशन तेव्हा बदलले, आणि जॅक पूर्ण काढून इंजिन पुन्हा तसेच मोकळे बसवल्यावरच बोल्ट आवळले.